यंत्राच्या मागचं बटण

दसऱ्याला माझ्या सासरी हत्यारांची पूजा होते. सासरे रेल्वेत फिटर होते. त्यांचे पाने, हातोडा, कानस हे सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग संध्याकाळी सोनं वाटून माणसं घरी येईपर्यंत त्या हत्याराला काम द्यायचं नाही, असा त्यांचा नियम. वर्षभर राबतं, एक दिवस बसू दे, म्हणायचे. नवरा रेल्वेच्या सिग्नलच्या कामाला लागला तेव्हा त्याचा मल्टिमीटर पाटावर आला. पुढे त्याच रांगेत एक कॉम्प्युटरही बसायला लागला.

हा कॉम्प्युटर त्याने लग्नाआधी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जुना घेतला होता. एका अमेरिकन घरगुती यंत्राची आपल्याकडे बनवलेली नक्कल. चपटी पेटी, तिच्यातच कीबोर्ड, वर हिरव्या अक्षरांचा पडदा, शेजारी फ्लॉपीचा ड्राइव्ह. झाकण उघडलं की आत खाचांची रांग, आणि एका खाचेत वीतभर लांब, चिप्सनी भरलेलं मेमरीचं कार्ड. हे कार्ड म्हणजे त्याचा जीव. फ्लॉपीवरून काहीही वाचायचं तर यंत्र करकर करत बसायचं. पण या कार्डावरची मेमरी म्हणजे फ्लॉपीच आहे, असं यंत्राला भासवता येतं. मग सकाळी फ्लॉपीवरचं सगळं या खोट्या डिस्कवर भरून घ्यायचं आणि दिवसभर तिथूनच चालवायचं. आवाज नाही, खोळंबा नाही. तिला रॅम डिस्क म्हणतात. तिच्यात खोट एकच. वीज तुटली की ती पाटीसारखी कोरी होते. म्हणून झोपण्यापूर्वी सगळं पुन्हा खऱ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं.

सकाळी भरायचं, रात्री उतरवायचं. मी त्याला म्हणायचे, तुझं हे पाणी भरण्यासारखंच आहे, फक्त प्यायला कुणी नाही. तो म्हणायचा, तुला नाही कळणार. खरंच कळत नव्हतं. मी तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक बघते. तिथे कॉम्प्युटर म्हणजे जो बंद पडला की घरी लवकर जाता येतं तो. आम्हाला मूल नाही, सुट्टीत कुठे जायची त्याला आवड नाही, तेव्हा हा छंद मी चालवून घेतला. डहाणू रोडचं क्वार्टर सोडून सरावलीला घर बांधलं तेव्हा यंत्रासाठी खोलीच्या एका कोपऱ्यात वेगळं वायरिंग करून घेतलं. आम्ही दोघं पहिल्यापासून एकमेकांना अरेतुरे करतो. त्यावर सासरी बरंच बोलणं झालं होतं, तेही चालून गेलं.

मग त्याला तो आजार झाला ज्यात नसा एकेक करून स्नायूंना सोडून देतात. आधी उजवा हात. मग पाय. मग जीभ जड झाली आणि त्याचं बोलणं फक्त मला कळायला लागलं, आणि मग मलाही कळेना. डोकं मात्र जसंच्या तसं. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की शेवटपर्यंत सगळं समजत राहील. ही त्यांना दिलाशाची गोष्ट वाटत होती.

हात चालत होते तेव्हाच त्याने तयारी करून ठेवली. यंत्राच्या मागे खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, जोडायची जागा असते, तिथून त्याने वायर काढली आणि टोकाला दारावरच्या बेलचं बटण लावलं. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची, हवं ते आलं की बटण दाबायचं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला. पुन्हा पुन्हा लागणारी वाक्यं आधीच भरून ठेवली. पाणी. पाठ खाजते. पंखा कमी कर. टीव्ही बंद कर, तो माणूस खोटं बोलतोय. हे शेवटचं वाक्य तो बातम्यांच्या वेळी रोज वापरायचा. डाव्या हाताची तर्जनी तेवढी उरली होती. त्या एका बोटावर आमचं घर चालत होतं.

टॅब्लेट मी आणून पाहिला. त्याचं बोट काचेवर टेकलं की भलतंच उघडायचं, आणि ते बंद करायला पुन्हा बोट लागायचं. दोन दिवसांत त्याने तो नको म्हणून सांगितलं, जुन्या यंत्रावरून.

समुद्राच्या हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरते. पूर्वी तो त्या कापसाने पुसायचा, ड्राइव्हचं डोकं स्पिरिटने साफ करायचा. हात गेल्यावर ते माझ्याकडे आलं. त्याने सांगितल्याप्रमाणे मी केलं, पण एका पावसाळ्यात ड्राइव्हने वाचणंच सोडलं. लिहीनासाही झाला. वापीहून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्याने झाकण उघडून आत बघितलं, झाकण लावलं आणि म्हणाला, “आ तो म्युझियममां मूको, बेन.” म्युझियममध्ये ठेवायला सांगून, चहा पिऊन गेला.

त्या दिवशी यंत्र चालू होतं, आणि सगळं रॅम डिस्कवर भरलेलं होतं. म्हणजे आता प्रोग्राम, त्याची वाक्यं, नवीन लिहिलेलं, सगळं तेवढंच आणि तिथेच. उतरवायला जागा नाही. यंत्र बंद झालं की माझा नवरा मुका. तेव्हा यंत्र बंद होऊ द्यायचं नाही, असं ठरलं. इन्व्हर्टर होता, त्याला मोठी बॅटरी घेतली. त्याच इन्व्हर्टरवर त्याच्या श्वासाचं मशीनही होतं. गावाच्या दक्षिणेला वीजकेंद्राची चिमणी दिसते आणि इकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. मी बॅटरीत पाणी भरायचे, वायरी तपासायचे. भिंतीवरच्या बटणाला पाटी चिकटवली: बंद करू नये. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी लावायचं एक उपकरण परदेशात मिळतं, ज्यात मोबाईलसारखं कार्ड घालून सगळं उतरवता येतं. ते त्यानेच मला शोधायला लावलं आणि मी मागवलं. ते कस्टममध्ये अडकून राहिलं.

याच काळात डॉक्टरांनी पुढचा प्रश्न काढला. छातीचे स्नायू जात होते. लवकरच मुखवट्याच्या मशीनने भागणार नाही. मग गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि व्हेंटिलेटर लावायचा, किंवा लावायचा नाही. एकदा लावला की काढणं सोपं नसतं, तेव्हा घरात बोलून ठेवा, असं म्हणाले.

नवऱ्याने घरी येऊन पडद्यावर लिहिलं की नळी नको. मी विचारलं, नक्की? त्याने तेच पुन्हा उजळवलं. मी त्यावर रडले वगैरे नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

पण घरात मी एकटी नव्हते. त्याची धाकटी बहीण, माझ्या वन्सं, तलासरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवतात. लग्न केलं नाही. दर रविवारी भावाला भेटायला येणार, त्याची नखं कापणार, दाढी करणार, वर्गातल्या गमती सांगणार. त्यांना मी नळीचं सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दादा असं म्हणाला, की वहिनी, तुला असं वाटतं?”

मी त्यांना त्याच्यासमोर नेलं आणि त्याला विचारलं. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही, एवढी खूण आमच्यात होती. नळी घालायची का? त्याने डोळे मिटले.

“प्रश्न तू विचारतेस, उत्तर तूच वाचतेस,” वन्सं म्हणाल्या. “डोळे तर माणूस दमला तरी मिटतो.”

“मग पडद्यावर लिहायला सांगते.”

“त्यावर ‘नळी नको’ हे वाक्य तू भरून ठेवलं असशील. दादा मला त्याच्या भाषेत सांगेल तेव्हा मी ऐकेन.”

मला राग आला. पण त्यांना एवढं का लागलं हे मला माहीत होतं. सासरे मुंबईच्या एका इस्पितळात व्हेंटिलेटरवर होते. नळी ओढून काढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाच्या दांड्याला पट्ट्यांनी बांधले होते. ते तसेच गेले. त्या वेळी नवरा ड्यूटीवरून पोचला नव्हता आणि संमतीची सही वन्संनी केली होती. त्यानंतर त्या घरात कुणी हात बांधल्याचा विषय काढला नाही. आता दादाला नळी नको म्हणणं म्हणजे आपण तेव्हा केलं ते चूक, असंच त्यांना ऐकू येत असणार.

नवऱ्यालाही हे कळलं. वन्सं गेल्यावर त्याने लिहिलं, मी तिला लिहितो. आणि तो लिहायला बसला. बोट आता लवकर दमायचं. सकाळी ताजं असताना थोडं, दुपारी झोप झाल्यावर थोडं. एखाद्या दिवशी एका ओळीपलीकडे जायचं नाही. मी जाता येता वाचायचे, त्याने कधी हरकत घेतली नाही. लहानपणाचं काही नव्हतं, भावाबहिणीचं काही नव्हतं. सिग्नलवाल्याने लिहावं तसं होतं. बाबांचे हात बांधले होते ते आठवतं का, असं विचारलं होतं. मग लिहिलं होतं की तू सही केलीस ते बरोबर होतं, मी असतो तरी केली असती, तेव्हा पुढचं कुणाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माझ्यासाठी

इथपर्यंत आलं होतं. मी एकदा मोबाईलवर फोटो काढायला गेले तर त्याने डोळे मिटले. मग बराच वेळ घेऊन लिहिलं, अर्धं दाखवलं तर ती अर्ध्यावरच भांडेल. पुरं झालं की काढ. त्यात तथ्य होतं. मी मोबाईल ठेवून दिला.

दसऱ्याला वन्सं सकाळीच झेंडूची पिशवी घेऊन आल्या. मी त्याला पुसून, खुर्चीत बसवून, यंत्रासमोर आणून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, पूजेचं मी बघते, तू तुझं आवर. मी मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले.

परत आले तेव्हा पाट मांडला होता. सासऱ्यांचे पाने तेल लावून चकाकत होते. यंत्र पुसून लखलखीत केलं होतं, त्यावर हळदकुंकवाची बोटं, कीबोर्डवर एक फूल. पडदा काळा.

भिंतीवरचं बटण चालूच होतं. माझी पाटी जागच्या जागी होती. वन्संनी तिला हात लावला नव्हता, त्या पाटी वाचणाऱ्या बाई आहेत. त्यांनी पेटीच्या मागे हात घालून यंत्राचं स्वतःचं बटण दाबलं होतं. तरुणपणी दर दसऱ्याला दादाच तसं करायचा आणि त्या शेजारी ताम्हण घेऊन उभ्या असायच्या. त्या काळी रात्री सगळं फ्लॉपीवर उतरवलेलं असायचं, तेव्हा सकाळी बंद केलं तरी काही बिघडत नसे. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत, की पूजेला बसलेलं हत्यार चालू ठेवायचं नसतं.

“वन्सं, हे कुणी बंद केलं?”

“मीच. बाबांचा नियम,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “दादाचे डोळे भरून आले बघ. त्याला सगळं आठवलं.”

तो त्यांच्या हाताकडे बघत बसला असणार, हात मागे जाताना. बेलच्या बटणावर त्याचं बोट होतं, पण त्या बटणाने फक्त अक्षर निवडता येतं. त्याला ओरडता येत नव्हतं.

मी यंत्र चालू केलं. ड्राइव्ह करकरला, थांबला. पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राहिला. दुसरं काही नाही.

“बघ, आलं की,” वन्सं म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे उभी होते. त्याच्याकडे बघून, ओठ हलवून, आवाज न करता विचारलं, सांगू? त्याने डोळे मिटले. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा मिटले आणि मी स्वयंपाकघरात जाईपर्यंत उघडले नाहीत. त्याच्या जागी मी असते तर सांगितलं असतं. पण बहीण त्याची होती आणि जे गेलं तेही त्याचं होतं. श्रीखंड-पुरी केली होती, ती वाढली. संध्याकाळी वन्संनी त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, बोटं मिटून दिली.

परदेशातलं उपकरण दिवाळीच्या आधी आलं. मी ते जोडलं, दिवा लागला, चालत होतं. त्यात ठेवायला काही नव्हतं. प्रोग्राम पुन्हा लिहून देईल असं कुणी शोधायला हवं, असं ठरत होतं, तोवर तर्जनीही गेली. मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने अक्षरं लिहिली, ओळी पाडून. मी ओळीवर बोट ठेवायचं, मग अक्षरावर, हवं तिथे त्याने डोळे वर करायचे. पाणी. पाठ. कुणाला खोटं वाटलं तर वाटो, पण एका शब्दाला भात होतो एवढा वेळ लागायचा. वन्संना जे लिहिलं होतंस ते पुन्हा लिहूया का, मी विचारलं. त्याने डोळे मिटले, पुढचं विचारूच दिलं नाही.

दिवाळी झाली आणि एका पहाटे त्याचे ओठ निळसर दिसले. अँब्युलन्स बोलावली. आमच्याकडची माणसं अशा वेळी मुंबईला जात नाहीत, गुजरातकडे जातात. चारोटीला हायवेला लागलो, विवळवेढ्याला ड्रायव्हरने देवीच्या दिशेने हात कपाळाला लावला, तलासरी नाक्यावर वन्सं उभ्या होत्या, त्यांना घेतलं. पिशवी घेताना मी त्यात कॅलेंडर घातलं होतं.

गुजरातमधल्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि दोघींना बाहेर बोलावलं. आज निर्णय हवा, म्हणाले. वन्संनी माझ्याआधी उत्तर दिलं, “नळी घाला.”

मी म्हटलं, त्याला नको आहे.

“दादा मला लिहून देणार होता ना?” वन्सं माझ्याकडे वळल्या. “तूच सांगितलंस फोनवर. कुठंय ते?”

“मशीन बिघडलं.”

“बरोबर तेव्हाच बिघडलं.”

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. त्यांना हे नवीन नसावं. माझ्या तोंडाशी दसरा आला होता, पाट, फूल, मागचं बटण, सगळं. एका वाक्याचं काम होतं. मी ते गिळलं आणि पिशवीतून कॅलेंडर काढून वन्संच्या हातात दिलं.

“तुम्ही विचारा. मी बाहेर थांबते. डोळे वर म्हणजे हो. जन्मभर पोरांना अक्षरं दाखवलीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमेल.”

मी दाराच्या काचेतून बघत होते. तोंडावर मुखवटा, वर दोन डोळे. वन्संनी कॅलेंडर छातीशी धरलं, वर्गात धरतात तसं, आणि पर्समधलं पेन काढून त्याच्या टोपणाने एकेका ओळीवर टेकवत गेल्या. प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत होत्या, ओठ दिसत होते. एका ठिकाणी थांबल्या. मग पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा थांबल्या. दोन अक्षरांचा शब्द होता, त्याला फार वेळ लागत नाही. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून परत केलं. ताडून पाहत होत्या. त्याने त्यांना तेच परत दिलं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी कॅलेंडरची सुरळी केली होती. डॉक्टरांना म्हणाल्या, “नको म्हणतोय.” माझ्याकडे बघितलं नाही.

आम्ही त्याला घरी आणलं. श्वासाला त्रास होऊ नये म्हणून औषधं दिली होती, ती मी वेळच्या वेळी देत होते. वन्संनी रजा टाकली आणि कॅलेंडर त्यांनीच घेतलं, मला हात लावू देत नसत. तो आठवडाभरही राहिला नाही. हात मोकळे होते. एवढं मी सांगू शकते.

दिवस झाल्यावर वन्संना तलासरीला परत जायचं होतं. सामान बांधून रिक्षाची वाट बघत ओट्यावर बसलो होतो. मला त्यांना जे सांगायचं होतं ते मी तोवर धरून ठेवलं होतं, कारण आधी सांगितलं असतं तर तो माझा डाव वाटला असता. आता नळीचा प्रश्न संपला होता.

मी म्हटलं, “मशीन बिघडायच्या आधी त्याने तुमच्यासाठी लिहायला घेतलं होतं. मी वाचलंय. बाबांच्या वेळी तुम्ही सही केलीत ते बरोबर होतं, असं लिहिलं होतं. तो असता तरी त्याने केली असती.”

वन्सं म्हणाल्या, “मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.”

“वन्सं, मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?”

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, मागचं काहीतरी आठवून बघितल्यासारखा.

“नाही,” म्हणाल्या. “तेही खरंच.”

रिक्षा आली. त्यांनी पिशव्या आत ठेवल्या, कॅलेंडरची सुरळी मांडीवर घेतली. बसता बसता विचारलं की दसऱ्याला झेंडू आणू का, की आता पूजा नको. मी म्हटलं, आणा, पाने आहेत, यंत्रही आहे.

“ते आधी बंद करून ठेव म्हणजे झालं.”

“बंदच आहे,” मी म्हटलं.